चित्रामागचे दोन शब्द

मी चित्रामागे ठेवलेला मजकूर बोलतोय. तुम्ही मला पाहिलं नसेल. वेबसाइटवरचं चित्र ज्यांना दिसत नाही, त्यांना संगणक मला मोठ्याने वाचून दाखवतो. काम मोलाचं आहे. पण आज मला तोंड दाखवायला जागा नाही.

माझा जन्म घाईत झाला. एका दवाखान्याची जागा बदलली होती. नवा पत्ता आणि 'जुन्या इमारतीत येऊ नये' हे सगळं एका रंगीत चित्रात लिहून ते दवाखान्याच्या वेबसाइटच्या पानावर लावलं होतं. तपासणीच्या प्रोग्रॅमने लाल खूण दिली : चित्रामागे मजकूर नाही.

"अगं, टाक काहीतरी आणि मोकळी हो," साहेब वेबसाइट करणारीला म्हणाले.

तिने 'महत्त्वाची सूचना' एवढंच टाकलं. लाल खूण हिरवी झाली. मी आहे की नाही एवढंच तो प्रोग्रॅम बघतो; मी काय सांगतो, हे त्याच्या गावीही नसतं. मी मात्र पास झालो म्हणून फुशारलो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

एका सकाळी ती या पानावर आली. गाण्याच्या शिकवण्या घेणारी, जन्मापासून न दिसणारी. ऑपरेशननंतर वडिलांना तपासायला न्यायचं होतं.

"ताई, दे इकडे, मी बघतो," धाकटा भाऊ म्हणाला.

"राहू दे. बाबांना मीच नेणार. माझं मी वाचते."

संगणकाने मला वाचलं. ती थांबली, तिने पुन्हा ऐकलं. पुढे मी मुकाच. पानाच्या तळाशी जुना पत्ता तसाच राहिला होता. तो ऐकून ती बाबांना घेऊन निघाली.

दुपारी भावाने तेच पान उघडलं. बाबा जुन्या इमारतीचे तीन जिने चढून कुलपापर्यंत गेले होते. नव्या जागी पोचेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते.

"अगं, इथे एवढं मोठं लिहिलंय की!"

"मला नाही ऐकू आलं रे," ती म्हणाली.

"असू दे. यापुढे बाबांचं मीच बघत जाईन."

ती फक्त "बरं" म्हणाली. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने दवाखान्यात फोन करून काय झालं ते सांगितलं. वेबसाइट करणारीने डोळे मिटून ते पान ऐकलं आणि मान खाली घालून मला नव्याने लिहिलं. मला लिहिणाऱ्यांनो, खूण हिरवी झाली तरी एकदा असंच ऐकून बघा.

आता मी पत्ता, मजला, वेळ, सगळं नीट सांगतो. पण ती पुन्हा आली नाही. पान तिचा भाऊ उघडतो, आणि त्याला माझी गरजच नाही.