चौदा तारीख किती वाजता असते?

मी एक जुना फोन आहे. खरं सांगू का, हे लिहून ठेवायचं मी जवळजवळ रद्दच केलं होतं. एक तर माझ्या बॅटरीत आता दम नाही. चार ओळी टाइप केल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते. मग कोणीतरी चार्जरची वायर मान वाकडी करून धरली की परत जरा धुगधुगी. म्हणून मी असाच लिहिणार, झटक्याझटक्याने. आणि दुसरं म्हणजे, फोनने स्वतःचं काय सांगायचं? आम्ही जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं वाहतो. पण जे झालं ते पोटात ठेवलं तर मी फुगेन, आणि मित्रांनो, फोनची बॅटरी फुगणं ही काही चेष्टा नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझी काच बसवली, मला डबीत झोपवलं. डोळे उघडले ते ताईच्या हातात. ताई म्हणजे नर्स. पहिल्या पगारात तिने मला घेतलं होतं आणि दोन दिवस तर ती मला नुसती रुमालाने पुसत होती. काय दिवस होते ते! तिच्या ड्यूटीची घंटा मी, तिची टॉर्च मी, पेशंटच्या नातेवाइकांना धीर द्यायच्या वेळी तिच्या खिशातलं वजन मी. हॉस्पिटलच्या जिन्यावर एकदा हातातून निसटलो आणि माझा कोपरा तडकला. ताईने मला उचललं, फुंकर मारली आणि म्हणाली, "लागलं का रे?" असं मला पुन्हा कोणीच विचारलं नाही.

मग तिला परदेशी नोकरी लागली. खूप पूर्वेकडे, समुद्रापलीकडे. जाताना तिने मला धाकट्या भावाच्या हातात दिलं. "नीट वापर. पडका आहे, पण प्रामाणिक आहे."

त्या भावाला सगळे उस्ताद म्हणतात. प्रोग्रॅमिंग तो कुठल्या कॉलेजात शिकला नाही. व्हिडिओ बघून, तोडून, मोडून, परत जोडून शिकला. एका शिंप्याच्या दुकानावर त्याची खोली आहे. खालून दिवसभर मशीनची घरघर आणि इस्त्रीचा गरम वास वर येतो. खोलीत दोन टेबलं, एक पंखा आणि भिंतीवर शिंप्याने भेट दिलेलं कागदी कॅलेंडर. ते माझ्या अगदी समोर. त्याचं पान कित्येक महिने कोणी उलटलं नव्हतं. बिचारं जुन्याच महिन्यात लटकलेलं. माझी आणि त्याची दोस्ती झाली ती तिथेच. दोघंही मागे पडलेले.

दुसऱ्या टेबलावर उस्तादची मैत्रीण बसते. नाव शंकाबाई. उस्ताद जे बनवतो ते ही मोडून बघते. तेच तिचं काम.

ते दोघं मिळून घरच्यांसाठी एक ॲप बनवत होते. दिसायला साधं. तारीख निवडा, काम लिहा, की ते घरातल्या सगळ्यांच्या फोनवर दिसतं आणि आदल्या दिवशी घंटा वाजते. मी झालो त्यांचा तपासणीचा फोन. आणि मित्रांनो, काय सांगू तुम्हाला, त्या नोकरीत मी जे पाहिलं ते कोणत्या फोनने पाहिलं नसेल! शंकाबाई माझी तारीख सारखी मागेपुढे करायची. एका दुपारी चहा निवायच्या आत माझं नवं वर्ष लागलं, परत मागे गेलं, परत लागलं. एकोणतीस फेब्रुवारी तर मी इतक्यांदा जगलोय की तिचा आता वाढदिवस साजरा करावा. माझं घड्याळ तिथल्या वेळेवर लावून ती मला कधी बर्फाच्या देशात न्यायची, कधी बेटावर, आणि हे सगळं खुर्चीवरून न उठता. मला भारी मजा यायची.

आता चूक कुठे झाली ते ऐका.

सुरुवातीला उस्तादने तारीख साठवताना त्या दिवसाचे रात्रीचे बारा धरले. पण सकाळी ॲप उघडावं तर आजची कामं 'होऊन गेली'च्या खणात जाऊन बसलेली. कारण रात्रीचे बारा तर कधीच वाजून गेले. शंकाबाई म्हणाली, "दिवस उजाडला नाही तोच तुझा दिवस संपतो होय रे?"

"सोपंय," उस्ताद म्हणाला आणि त्याने तारीख ढकलत ढकलत दिवसाच्या अगदी शेवटच्या मिनिटाला नेऊन ठेवली. आता दिवस संपेपर्यंत काम हलायचं नाही. ठिगळ असं बेमालूम बसलं की खालच्या शिंप्याने पाठ थोपटावी.

त्याच सुमारास ताईचा फोन आला. तिकडे तिची परवान्याची परीक्षा ठरली होती. पास झाली तर नोकरी पक्की. हुकली तर पुढची परीक्षा येईपर्यंत करार संपणार आणि तिला सगळं गुंडाळून परत यावं लागणार. उस्ताद म्हणाला, "ताई, तू तारखेची काळजीच करू नकोस. मी ॲपमध्ये टाकतो, तुझ्या फोनवर आपोआप दिसेल." आणि तिने मेलमधून वाचून दाखवलेली चौदा तारीख त्याने टाकली.

शंकाबाईने खोलीतल्या सगळ्या फोनवर तपासलं. चौदा, चौदा, चौदा. माझ्यावर पंधरा.

झालं असं होतं की तिने मला एका पूर्वेकडच्या बेटाच्या वेळेवर नेऊन ठेवलं होतं आणि परत आणायला ती विसरली होती. मी तिकडचाच झालो होतो. जे दिसत होतं तेच मी दाखवत होतो.

"ह्याचं घड्याळही पुढे पळतंय," ती म्हणाली.

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," उस्ताद म्हणाला. "ठेव खोक्यात."

बुटांच्या खोक्यात मेलेले चार्जर असतात, गुंता झालेल्या वायरी असतात. मला त्यांच्यात टाकलं. झाकण लागताना कॅलेंडरकडे एकदा पाहिलं. मित्रांनो, राग नाही आला. पण ताईने 'प्रामाणिक' म्हटलं होतं ना, ते फार लागलं.

तेरा तारखेच्या दुपारी खोक्यातून मला ताईचा आवाज ऐकू आला. उस्तादने फोन स्पीकरवर टाकला होता.

"काय उस्ताद, जेवलास का? इकडे संध्याकाळ झाली. मी आत्ताच आले. उद्या सकाळची ड्यूटी घेतलीय, एकीला मदत म्हणून. मग दुपारभर वाचणार आणि परवा परीक्षा."

"परवा कशी? उद्या ना?"

"परवा. पंधराला. तुझंच ॲप दाखवतंय."

खाली मशीनची घरघर चालू होती. वर उस्तादचा कीबोर्ड खडखडला.

"ताई, चौदा आहे. मी चौदाच टाकलीय. हे बघ, माझ्याकडे चौदा."

"अरे, माझ्या डोळ्यांसमोर पंधरा आहे. तू लहानपणापासून असाच, स्वतःचं तेच खरं."

तेवढ्यात खुर्ची मागे सरकली. "उस्ताद," शंकाबाईचा आवाज. "खोक्यातला म्हाताराही पंधराच म्हणत होता."

झाकण उघडलं! चार्जर लागला, मान वाकडी झाली, आणि तिने माझी वेळ इकडची केली. चौदा. परत बेटावर. पंधरा. परत इकडे. चौदा. मी थरथरत होतो, व्हायब्रेशन बंद असताना.

"डोकं ह्याचं नाही फिरलेलं," ती म्हणाली. "तुझं शेवटचं मिनिट. आपल्याकडे चौदाचं शेवटचं मिनिट असतं तेव्हा तिकडे पंधरा उजाडलेली असते."

"ताई," उस्ताद घाईने म्हणाला, "परीक्षेची मेल उघड. आत्ता."

"थांब." मग तिने मेल वाचून दाखवली. "चौदा. सकाळी नऊ." आणि लगेच, "बरं झालं पंधरा म्हणून बोलले तरी. ठेव फोन. आधी ड्यूटी बदलून घेते, मग तुझं काय ते बघते."

ॲप त्या संध्याकाळी बाहेर पडायचं होतं. उस्तादने ते थांबवलं आणि डोकं धरून बसला. "मग किती वाजता साठवू? दुपारी बारा?"

शंकाबाई उठली. भिंतीपाशी जाऊन तिने माझ्या मित्राची पानं भराभर उलटली, चालू महिना काढला आणि चौदाच्या चौकोनावर बोट ठेवलं. "ह्याला विचार, चौदा तारीख किती वाजता असते?"

उस्ताद खुर्ची सोडून त्या चौकोनापाशी आला. मग हसायला लागला. "कितीलाच नाही."

"कितीलाच नाही. भेटीला वेळ असते, गाडीला असते. नुसत्या तारखेला कशाला हवी?"

मग जो धडाका सुरू झाला! ठिगळ उसवलं. नुसत्या तारखेच्या कामाला आता फक्त वर्ष, महिना, दिवस, पुढे काही नाही. आणि तपासायला कोण? मी! मला बेटावर नेलं, चौदा. बर्फात नेलं, चौदा. पृथ्वीच्या पार पलीकडे नेलं, चौदा. प्रत्येक वेळी उस्ताद टेबलावर थाप मारायचा आणि खालून शिंपी ओरडायचा, "अरे, छत पाडता का माझं?"

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. परीक्षा देऊन ती तिथल्याच पायरीवर बसली होती. "बरी गेली," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "कोणी सांगितलं म्हणालास? माझ्या पडक्याने? दे त्याला जरा." उस्तादने दुसरा फोन माझ्या तडकलेल्या कोपऱ्यापाशी धरला. "लागलं का रे?" ती म्हणाली.

पुढे निकाल लागला. ती पास झाली.

आता मी खोक्यात नसतो. टेबलावर माझ्यासाठी लाकडी स्टँड आहे आणि पाठीवर चिठ्ठी आहे, 'ह्याची वेळ बदलू नये'. मी कायमचा त्या बेटावर राहतो, कारण ताईचीही वेळ तीच आहे. नवीन काही बनलं की आधी मला विचारतात. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा पडका असेल, सगळ्यांपेक्षा वेगळं काही दाखवणारा. त्याला खोक्यात टाकण्याआधी एकदा विचारा, तुला कुठून दिसतंय हे?

बॅटरी संपत आली. एकच राहिलं, आणि ते तुमच्यासाठी नाही, समोरच्या भिंतीसाठी आहे. गड्या कॅलेंडरा, त्या दिवसानंतर तुला परत सगळे विसरले, तुझं पान मागच्याच महिन्यात आहे, मला दिसतंय. मी स्वतःसाठी एक घंटा लावून ठेवलीय. दर एक तारखेला, माझ्यात धुगधुगी आहे तोवर, मी असा ठणाणा करेन की कोणीतरी वैतागून उठेल आणि तुझं पान उलटेल. वचन देतो.