पिवळं गोदाम

कॅप्टन इग्नातिसची उशी म्हणजे धक्का आणि चप्पल म्हणजे जहाज. रोज दुपारी केबिनचं दार लावून हा पन्नाशीचा बाप्या पलंगावर गुडघे टेकून बसायचा, चप्पल उलटी फिरवायचा आणि टाचेकडून हळूहळू उशीला नेऊन लावायचा. टाच म्हणजे जहाजाचं मागचं दार; माणसं, गाड्या, शेळ्या, सगळं तिथूनच चढतं-उतरतं. टेकली नीट की तोंडानेच भोंगा वाजवायचा.

एकदा त्याचा हाताखालचा अधिकारी याकुमिस न सांगता आत घुसला. बघतो तर हे.

"कॅप्टन, डाव्या पायातलं जहाज कुठंय?"

"दुरुस्तीला गेलंय. चल नीघ बाहेर, मेल्या."

हसा खुशाल. पण महिनाभर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. कॅप्टन म्हणून पहिल्यांदाच तो स्वतःच्या बेटाला जहाज लावणार होता आणि तिथून आईला घेणार होता. गुरुवारी सकाळी अथेन्सला त्या म्हाताऱ्या आईच्या, कल्लिरोईच्या, डोळ्याचं ऑपरेशन. आठ महिन्यांनी लागलेला नंबर. एक डोळा गेलाच होता, उरलेला वाचवायचा होता. आधीच्या दोन्ही बोटी उन्हाळी वाऱ्याला घाबरून बेटाला न लागताच पुढे गेल्या होत्या. आता बुधवारची ही एकच. पुढची शनिवारी.

कंपनीने पाठवलेल्या बाईंनी शिकवलं होतं: डोळे मिटा, सगळं आधी मनात घडवून बघा, चार मोजत श्वास आत, चार मोजत बाहेर. पण खरी खूण दिली सारांदिसकाकाने. तीस वर्षं त्यानेच बेटाच्या बंदरात जहाजं लावलेली.

"हे बघ पोरा, वारा, लाटा, सासू, कुणाचं ऐकू नकोस. पिवळं गोदाम चर्चच्या घंटेआड गेलं की नांगर टाक. आधी टाकलास तर साखळी पुरणार नाही, उशिरा टाकलास तर नांगर धरणार नाही. बाकीचं देव बघेल. त्याला तरी दुसरं काय काम आहे?"

मग काय, गोदाम डोक्यात बसलं. जेवताना पिवळं, दाढी करताना पिवळं. डोळे मिटले की पिवळी भिंत सरकत सरकत घंटेआड जायची आणि इग्नातिस झोपेत ओरडायचा, "टाक!"

बुधवारी दुपारी चार वाजता जहाज बंदराच्या तोंडाशी आलं. वारा शिट्ट्या मारत होता, पण जमण्यासारखं होतं. धक्क्यावर अख्खं गाव. कॉफीच्या दुकानातल्या खुर्च्यासुद्धा उचलून आणलेल्या. चार मोजत श्वास आत. इग्नातिसने मान वर केली.

पिवळं काही नव्हतंच.

"याकुमिस, गोदाम कुठंय?"

"कुठलं?"

"अरे पिवळं!"

याकुमिसने दुर्बीण लावली, पुसली, परत लावली. "कॅप्टन, सगळंच पांढरंय."

झालं होतं असं, की ईस्टरच्या आधी मारतात तसा गावाने अख्ख्या बंदराला चुना मारला होता. गावचा पोरगा कॅप्टन होऊन येतोय, आणि त्याच्या स्वागताला ते ओकारीच्या रंगाचं गोदाम? छे! सारांदिसकाका बेटाच्या पलीकडल्या गावात मुलीकडे गेला होता, आज दुपारीच परतला. तोवर चुना वाळलासुद्धा.

उन्हात भिंती नुसत्या झगझगत होत्या. दोनशे वेळा चप्पल लावलेला माणूस भिंती मोजत बसला. हे मासळीचं दुकान, ही शाळा, हे... श्वासाचे आकडे तीनवरच अडकले.

"टाक!"

उशीर झाला होता. नांगर तळावरून घसरला, नाक वाऱ्यासोबत फिरलं आणि शेपूट सरळ खडकांकडे निघालं. खाली गाड्यांजवळ बायका किंचाळल्या. इग्नातिसने इंजिन पुढे रेटून कसंबसं जहाज बाहेर काढलं.

पुन्हा वळवलं. आता गोदाम ओळखलं होतं. नांगर टाकलाही बरोबर. पण तेवढ्यात वारा वाढला होता. धक्क्याकडे फेकलेला दोर वाऱ्याने उचलून पाण्यात घातला. दुसराही. सारांदिसकाकाने टोपी काढून जमिनीवर आपटली. जहाजावर तीनशे बारा माणसं होती.

"कॅप्टन," याकुमिस हळूच म्हणाला. आता त्याच्याही तोंडात थट्टा नव्हती.

"माहितेय. उचल नांगर."

नाक समुद्राकडे वळलं आणि खिशातला फोन वाजला.

"इग्नाती, बघितलंस का रे? गोदामाची खालची सगळी भिंत मी रंगवलीय हो, या हाताने! वरची तुझ्या मावसभावाने रंगवली, म्हणून वाकडी आहे."

"बघितली, आई. छान झालीय."

"मला आता पांढरं तेवढंच दिसतं बघ. म्हणून म्हटलं, त्यालाही लांबून दिसू दे." ती दमून थांबली. "समोर ते मोठं पांढरं आहे, ते तूच ना?"

"हो, मीच."

"पिशवी घेऊन अगदी काठावर आलेय. हा सारांदिस माझा हात ओढतोय, काय बोलतोय ते वाऱ्यात ऐकूच येत नाही. तू सावकाश लाव, घाई नको करूस. किती वेळ रे अजून?"

इग्नातिसने चार मोजले. मागे धक्का उशीएवढा झाला होता. त्याने परत चार मोजले.

"इग्नाती? काय झालं? तुझा आवाज येत नाहीये, सोन्या."