बाईंची उत्तर चुकली

शनिवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी परसातला चाळीस फुटी मनोरा उभा राहिला. वेल्डरने शेवटचा नट आवळला, खाली उतरून घाम पुसला आणि विचारलं, "बाई, आता यावरून कुणाशी बोलणार?"

"भावाशी."

"मग फोन काय वाईट होता?"

बाईंचा धाकटा भाऊ समुद्रापलीकडे मुलाकडे राहत होता. सात महिन्यांपूर्वी त्याचं उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. तरी रोज, बाईंच्या घड्याळात सकाळी सात वाजता, तो संदेश धाडायच्या आपल्या रेडिओपुढे बसायचा आणि डाव्या हाताने मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या लिपीची, कळ वाजवायचा. डॉक्टर म्हणाले, बोटांची जुनी सवय आहे, त्यात अर्थ शोधू नका. त्या घरात मोर्स कुणाला येत नव्हतं. भाच्याने एकदा त्या आवाजाला फोन लावून धरला. पण फोनला कळते माणसाची बोली, कडकट्ट त्याने खरखर समजून गिळून टाकलं. गुरुवारी भावाला शुश्रूषागृहात हलवायचं ठरलं होतं, आणि तिथे रेडिओ नव्हता. भाऊ आत शाबूत आहे की नुसतं बोट हलतंय, हे कळायला बाईंच्या हातात चार सकाळी होत्या. गुरुवारची धरली तर पाच.

भावाची मोठी अँटेना आजारपणात भाच्याने उतरवून ठेवली होती. उरली होती गॅलरीतली एक तार. पलीकडचा आवाज एवढासा, तर अलीकडचा कान मोठा हवा, म्हणून हा मनोरा आणि त्याच्या टोकाला एका दिशेला तोंड करून ऐकणारी अँटेना.

बाईंनी तो कागदावर आधी सहा वेळा उभा केला होता. शेजारचे वकील कुंपणावरून म्हणाले होते, "पडला तर माझ्या टाकीवर पडेल." बाईंनी मनोऱ्याच्या जागी ठोकलेल्या खुंटीला चाळीस फुटांची दोरी बांधली आणि ती ताणून वकिलांच्या डोळ्यांदेखत परसाला फेरी मारली. दोरी खरोखरच टाकीला लागली. बाईंनी खुंटी चार फूट अलीकडे घेतली. "आता पडला तर माझ्याच न्हाणीवर. लिहून देऊ?" वकील म्हणाले, "नको, तुमचं तोंडी पुरे." मग खड्डा, मग काँक्रीट. त्यावर बाईंनी तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं.

पहिली अँटेना मात्र एका दुपारात उभी राहिली होती. तेव्हा बाई तेरा वर्षांच्या, भाऊ दहाचा. एकाच पुस्तकातून दोघं मोर्स शिकले आणि मधल्या भिंतीवर चमच्याने बोलायला लागले. भिंतीत उंदीर झालेत अशी आईची खात्री पटली होती. भावाला एक खोड होती: प्रत्येक अक्षराची शेवटची रेघ तो लांबवायचा, जसा कुणी दारातून निघता निघता रेंगाळावा. "पुरे की रे!" असं बाई भिंतीवरच ठोकून सांगायच्या. मग बांबू आला, त्याला कपडे वाळत घालायची तार. तिसऱ्याच दिवशी बांबू वडिलांच्या धुतलेल्या शर्टांवर आडवा झाला. वडिलांनी एक शर्ट झटकला आणि विचारलं, "कुणाचा आवाज आला होता?"

"कुणाचाच नाही," भाऊ म्हणाला.

"मग पुन्हा उभा करा."

रविवारी सात ते साडेसात नुसती खरखर. सोमवारी तेच. मंगळवारी लांबचा कुणीतरी दुसऱ्या कुणाला तरी हवामान सांगत होता. भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, बाबा रोज बसतात, हे मी डोळ्यांनी बघतोय. तुला येत नसेल ऐकू."

मंगळवारी दुपारी वेल्डर मनोऱ्याच्या ताण्याच्या तारा आवळायला आला आणि वर बघत राहिला.

"बाई, याचं तोंड कुठे केलंय?"

"वायव्येला. तूच नाही का माझ्या होकायंत्राने लावलंस?"

"वायव्येला माझं घर आहे. हा तर पुलाकडे बघतोय. सूर्य उगवतो तिकडे."

शनिवारी आभाळ भरलेलं होतं, सूर्य कुणी पाहिलाच नव्हता. "होकायंत्र धरलं होतं कुठे तुम्ही?" वेल्डरने विचारलं.

"इथेच. मनोऱ्याच्या पायाशी," बाई म्हणाल्या. चौतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता. दरवर्षी पाचवीच्या फळ्यावर लिहिलं होतं: होकायंत्राजवळ लोखंड ठेवू नये.

वेल्डर याच पाचवीतून गेलेला होता. "बाई," तो हळूच म्हणाला, "तुमची उत्तर चुकली."

"चुकलं म्हण. उत्तर चुकलं."

"नाही, चुकली. दिशा म्हणतोय मी. मी चुकलो की तुम्ही अंगठे धरायला लावायचात."

"चढ मुकाट्याने!"

बाई होकायंत्र घेऊन रस्त्यापलीकडे गेल्या, किल्ल्यांचा जुडगाही वकिलांच्या हातात ठेवला, आणि तिथून हाताने दिशा दाखवत राहिल्या. अँटेना थांबली तेव्हा चांगली पाव वर्तुळाहून जास्त फिरली होती.

बुधवारी सात वाजून सहा मिनिटांनी खरखरीच्या तळातून कट्ट-कडकट्ट वर आलं. भावाची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची त्याची ओळखीची अक्षरं. पुन्हा तीच. पुन्हा तीच. अक्षरं डाव्या हाताची, अडखळत होती. पण प्रत्येकाची शेवटची रेघ लांबलेली. बाईंचा हात कळेवर जाऊन थांबला. एवढ्यावरून डॉक्टर खोटे ठरत नव्हते. कॉलसाइन ही सवयच.

त्यांनी आपली कॉलसाइन दिली. पलीकडे तेच चालू राहिलं. दुसऱ्यांदा दिली. तेच. तिसऱ्यांदा त्यांनी कॉलसाइन सोडली आणि सावकाश विचारलं, "मी कोण?"

पलीकडे शांतता. मोजून अकरा सेकंद. मग दोन अक्षरं आली, त्याच्या कॉलसाइनमध्ये नसलेली, आणि तिसरं अर्ध्यावर असताना आवाज विरून गेला. सात वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. बाईंनी वहीत दोन्ही अक्षरं लिहिली आणि भाच्याला फोन लावला.

"आत्या, याचा अर्थ काय?"

"पुरा नाही लागत. पण मी विचारलं आणि तो थांबला. सवय थांबत नाही रे."

"उद्या गाडी येणार आहे."

"सातच्या नंतर येऊ दे. आणि रेडिओ बरोबर जाऊ दे."

भाचा म्हणाला, "तिथे विचारून बघतो. कळवतो."

बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत त्याचा फोन आलेला नव्हता.