दिनानाथांचं पथ्य

प्रेमलानं दिनानाथांच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला, मनातल्या मनात दहा आकडे मोजले आणि उचलला. कातडीत खळगा पडला तो तसाच राहिला.

"झोप लागते का, काका?"

"लागते. बसून."

"बसून म्हणजे?"

"आडवा झालो का दम कोंडतो. भिंतीला टेकून बसतो, तशीच डुलकी लागते."

प्रेमलानं वहीत लिहून घेतलं. मागच्या गुरुवारी सूज घोट्यापर्यंत होती, आता ती पोटरीवर चढली होती. सकाळीच सोसायटीच्या गोदामातल्या काट्यावर दिनानाथांना उभं करून तिनं वजन घेतलं होतं. तीन आठवड्यांत चार किलो वाढलं होतं. ताटात वाढलेलं अर्धं परत पाठवणाऱ्या माणसाचं वजन वाढतं ते अन्नानं नव्हे. अंगात पाणी साठत होतं, आणि पाणी धरून ठेवतं ते मीठ.

सहासष्ट सालातली ही गोष्ट. तारापूरच्या किनाऱ्यालगतचं हे गाव केळी, पानवेली आणि नारळाचं. दिनानाथांची वाडी गावात नावाजलेली. चोपन्नाव्या वर्षी, पानवेलींना पाणी लावता लावता त्यांच्या छातीत कळ आली आणि ते पाटातच बसले. महिनाभर मुंबईच्या इस्पितळात काढून ते घरी आले, तेव्हा सोबत एक कागद होता. पालघरच्या डॉक्टरांनी तो वाचला आणि गावच्या दवाखान्यातल्या नर्सच्या हातात दिला. "औषध मी देतो. पण हा माणूस जगायचा तो तुमच्या पथ्यावर. दर गुरुवारी जा."

ती नर्स म्हणजे प्रेमला, सफाळ्याची. मुंबईत शिकून आलेली, वय अठ्ठावीस. गावात येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. पहिल्याच गुरुवारी तिनं दिनानाथांच्या पत्नीला, माईंना, ओटीवर बसवून सगळं सांगितलं. जेवणात मीठ अजिबात नको. लोणचं, पापड, खारवलेली मासळी, सुके बोंबील बंद. पोटाला तडस लागेल इतकं एका वेळी जेवायचं नाही, थोडं थोडं चार वेळा. तंबाखू बंद. जेवल्यावर निजून राहायचं, विहिरीवर जायचं नाही, कळशी उचलायची नाही, आणि मुलाशी वाडीवरून वाद घालायचा नाही. ताजी मासळी चालेल; आलं, लसूण, कोथिंबीर, कोकम घालून करा, म्हणजे मिठाची आठवण कमी होईल.

माईंनी सगळं ऐकून घेतलं होतं. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं, पण त्यांनी एकही गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नाही.

आणि तरीही हे पाय.

प्रेमला उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. माई भाकरी थापत होत्या.

"माई, मीठ कुठून जातंय?"

"कुठूनच नाय."

"पायांवरून दिसतंय ना. कुठून तरी जातंय."

"माझ्या हातचं नाय."

प्रेमलाला घाई होती आणि भीतीही होती. त्या दोन्हींमुळे तिनं जे करू नये ते केलं. ती आत शिरली. चुलीवरचं कालवण बोटानं चाखलं. सपक होतं. शिंकाळ्यातली मडकी उतरवली, फडताळातल्या बरण्यांची झाकणं उघडली. पिठात बोट घालून जिभेला लावलं. माई भाकरी थापायच्या थांबल्या. त्यांचे हात पिठानं पांढरे होते आणि ते त्यांनी तसेच हवेत धरले होते.

"झालं बघून?" त्यांनी विचारलं.

"माई, मी तुमच्या भल्यासाठीच..."

"पस्तीस वर्षं ह्या घरात रांधते. सासूनं पन माझी मडकी उघडली नाय कदी."

मागच्या दारानं प्रताप आला होता. दिनानाथांचा थोरला मुलगा, तिशीचा, वाडी आता तोच बघायचा. त्यानं हातातला कोयता दाराशी ठेवला.

"बाई, माज्या बापाला गावात आनला तवा तो चालत होता," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "तुमी मीठ तोडलंत आनि आता त्याला उठवत नाय. अळणी खाऊन मानसाच्या अंगात ताकद काय राहनार? येत्या गुरुवारपरेंत बघतो. मंग मी त्याला माज्या हातानं जेवायला घालीन, बोंबील आनि भाकरी."

"तसं केलंत तर ते जगणार नाहीत."

"आता जगतायत?"

ओटीवरून दिनानाथांचा खोकला ऐकू आला. प्रेमलानं पिशवी उचलली. जाता जाता त्यांच्यापाशी ती थांबली. ते हळूच म्हणाले, "पोरी, मी चोरून खात नाय. शपथ."

तिनं त्याच संध्याकाळी डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली. सूज वाढली आहे, आडवं झाल्यावर दम लागतो, घरचे मीठ देत नाही म्हणतात, माझा विश्वास बसत नाही. शेवटचं वाक्य तिनं खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास वाडीवर काम करणारा मंगळ्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. तो धापा टाकत होता.

"बाई, चला. आजोबा बुडाल्यागत करतात."

ती पोचली तेव्हा ओटीवर शेजारपाजारची माणसं जमली होती. दिनानाथांना खाटेवर निजवलं होतं. त्यांचे ओठ निळसर पडले होते, कपाळ घामानं थबथबलं होतं, आणि प्रत्येक श्वासागणिक छातीतून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता. ओठांच्या कडेला गुलाबी फेस होता. उशाशी प्रताप बसला होता. त्याच्या हातात पेला होता.

"काय आहे त्यात?"

"मिठाचं पानी. लिंबू पिळून. मीठ नाय म्हणून झालंय हे."

प्रेमलानं पेला त्याच्या हातातून घेतला आणि अंगणात ओतला. प्रताप उठून उभा राहिला. क्षणभर तिला वाटलं, हा आपल्याला हाताला धरून बाहेर काढणार.

"आधी त्यांना उठवून बसवा," ती म्हणाली. "पाय खाली सोडा. निजलेल्या माणसाच्या छातीत पाणी चढतं. धरा त्या बाजूनं. मग मला काय बोलायचं ते बोला."

त्यानं धरलं. दोघांनी मिळून दिनानाथांना खाटेच्या कडेला बसवलं, पाठीशी तांदळाचं पोतं लावलं.

"आज सोमवार. डॉक्टर बोईसरच्या दवाखान्यात असतील. वीजघराच्या कामावरची जीप रस्त्यावर उभी आहे, मी येताना पाहिली. तिच्यातून जा आणि डॉक्टरांना घेऊन या. सांगा, फुफ्फुसात पाणी भरलंय. एवढंच सांगा, त्यांना कळेल."

"मी बापाला सोडून जानार नाय."

"तुम्ही इथं बसून काय कराल?"

प्रतापनं बापाकडे पाहिलं. दिनानाथांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त पापण्या मिटून उघडल्या. तो पायात काही न घालताच धावला. थोड्या वेळानं जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ड्रायव्हर चंद्रभानचा, "बैठो, बैठो भाई."

प्रेमलानं पिशवीतून रबरी नळ्या काढल्या. ही युक्ती तिनं इस्पितळात दोनदाच पाहिली होती, स्वतः कधी केली नव्हती. चारांपैकी तीन हातपायांना वर, मुळाशी, नळी बांधायची. इतकीच घट्ट की रक्त जाईल पण परतणार नाही. म्हणजे तेवढं रक्त हातापायांत अडकून पडतं आणि हृदयावरचं ओझं हलकं होतं. दर पंधरा मिनिटांनी एक सोडायची आणि मोकळ्या राहिलेल्या हाताला किंवा पायाला बांधायची. एकच जागा जास्त वेळ बांधलेली राहिली तर तो अवयव जायचा.

तिनं दोन मांड्या आणि डावा दंड बांधला. नळीच्या खाली बोट लावून नाडी पाहिली. लागत होती.

"माई, हे घड्याळ धरा. मोठा काटा तीनवर आला की मला सांगा. नंतर सहावर, नंतर नऊवर."

माईंनी घड्याळ ओंजळीत धरलं. गुरुवारपासून दोघींत हे पहिलंच बोलणं होतं. शेजाऱ्यांना प्रेमलानं अंगणात जायला सांगितलं. मग ओटीवर तो खळखळाट तेवढा राहिला.

"तीन," माई म्हणाल्या.

डावा दंड सोडला, उजवा बांधला.

"सहा."

उजवी मांडी सोडली, डावा दंड बांधला. खळखळाट होता तसाच होता. मात्र वाढला नव्हता. दिनानाथांची बोटं प्रेमलाच्या पदरात रुतली होती.

"नऊ."

डावी मांडी सोडून उजवी बांधली. या खेपेस दोन श्वासांच्या मध्ये किंचित उसंत पडली. प्रेमलानं कान लावून पुन्हा ऐकलं. हो, पडली होती.

दिनानाथांनी पोटावर हात फिरवला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"जळजळ होत असंल," माई म्हणाल्या. "त्ये औषध देऊ का? सकाळधरनं दोनदा दिलंय. त्यानं त्यांना बरं वाटतं."

"कुठलं औषध?"

माई कोनाड्याकडे गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. दवाखान्याची बाटली. काचेवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर प्रेमलाचं स्वतःचं अक्षर: जेवणानंतर एक डोस, दिवसातून तीन वेळा.

पाच आठवड्यांपूर्वी दिनानाथांनी पोटात आग पडते म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यात पोटदुखीच्या शंभर माणसांना देतात तेच पांढरं औषध तिनं बाटलीत भरून दिलं होतं. संपलं की मंगळ्या बाटली घेऊन यायचा आणि ती पुन्हा भरून द्यायची. चार वेळा भरून दिली होती. आणि ते औषध म्हणजे पाण्यात विरघळवलेला खायचा सोडा. मिठातला जो भाग अंगात पाणी धरतो, तोच सोड्यात असतो. हे ती शिकली होती. परीक्षेत लिहिलंही होतं.

"बाई, देऊ ना?"

"नको," प्रेमला म्हणाली. "ठेवा ती बाजूला."

तिनं पुढची नळी सोडली, पुढची बांधली.

डॉक्टर आले तेव्हा दीड वाजला होता. त्यांनी स्टेथोस्कोपनं छाती तपासली, दोन इंजेक्शनं दिली, आणि प्रेमलानं बांधलेल्या नळ्या बघून नुसती मान डोलावली. अर्ध्या तासात खळखळाट विरत गेला. दिनानाथांच्या ओठांवर हळूहळू रंग आला. त्यांनी पाणी मागितलं. नळ्या एकेक करून सोडल्या गेल्या, आणि मग सगळे तिथंच, जमिनीवर, भिंतीला टेकून बसले.

"आता मला सांगा," डॉक्टर म्हणाले, "मीठ कोण देत होतं?"

प्रतापनं आईकडे पाहिलं. अंगणातून आत डोकावणाऱ्या बायांनीही माईंकडेच पाहिलं. माईंची मान खाली गेली.

"मी तर घातलं नाय," त्या म्हणाल्या. पण आवाजात गुरुवारचा ताठा नव्हता. "भाकरीच्या पिठात राहिलं असंल. भांडं नीट धुतलं नसंल. माजीच कायतरी चूक झाली असंल."

बाटली कोनाड्याखाली होती. आत दोन बोटं औषध उरलं होतं. ते मोरीत ओतलं असतं तर बाटली विसळायला एक तांब्या पाणी पुरलं असतं. प्रेमलाच्या मनात हे येऊन गेलं. नंतर आयुष्यभर तिनं ते नाकारलं नाही.

ती उठली, बाटली आणली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

"माईंची चूक नाही. हे मी दिलं. सोडा मिक्श्चर, पाच आठवडे, दिवसातून तीन वेळा. माझ्या लक्षात आलं नाही. वर मी माईंची मडकी तपासली."

डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला आणि पुन्हा लावलं. "लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण ते सगळ्यांसमोर म्हणाले.

प्रतापला समजायला वेळ लागत होता. मग त्याला उमगलं. तो उठला, तिच्या समोर आला आणि दाराकडे बोट दाखवलं.

"परत ह्या घरात पाय ठेवू नका."

ती गेली. त्यानं तालुक्याला अर्ज केला. चौकशी झाली, तिला लेखी ताकीद मिळाली आणि ती कागदावर कायमची राहिली. पुढच्या गुरुवारी ती त्या घराकडे गेली नाही. पण दुपारी माईच दवाखान्यात आल्या. बाकावर बसल्या, घामेजलेलं तोंड पुसलं.

"सूज उतरलीय," त्या म्हणाल्या. "आज गोदामात वजन केलं. प्रतापनंच नेलं. तीन किलो कमी." मग जरा थांबून, "जळजळीला आता काय देऊ? इचारल्याबिगर कायपन देनार नाय."

"थंड दूध द्या. थोडं थोडं. आणि माई..."

"ऱ्हाऊ दे," माई म्हणाल्या. "तुमी चाखलं तवा कालवण कसं लागलं त्ये सांगा. लसूण जास्त झाला होता का?"

त्यानंतर दर गुरुवारी माई येत राहिल्या. दिनानाथ किती चालले, काय जेवले, किती झोपले, सगळं तोंडपाठ सांगायच्या. प्रेमला वहीत लिहून घ्यायची.

दिनानाथ आणखी चार वर्षं जगले. शेवटच्या वर्षापर्यंत सकाळी वाडीच्या कडेनं फेरी मारायचे, मधे दोनदा बसून. गेले ते झोपेत. तोवर प्रेमलाची बदली मासवणला झाली होती. दिवसकार्य आटोपल्यावर एके दुपारी प्रताप तिथं आला. चार वर्षांत बराच वयस्क दिसायला लागला होता. त्यानं बातमी सांगितली, दिलेला चहा घेतला.

"बाई," मग तो म्हणाला, "त्या दिवशी तुमी बोलला नसतात तर कोनाला कळलं असतं?"

"नाही."

"डाक्टरला?"

"नाही. बाटली मोरीत रिकामी केली असती तर कुणालाच नाही."

त्यानं मान हलवली. "आनि आई? बाबा गेल्यावर ती काय म्हनाली असती?"

प्रेमलानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"परवा तेराव्याला सगळ्या बाया रडत होत्या," प्रताप म्हणाला. "आई नाय रडली. म्हनाली, माज्या हातनं त्यांच्या जेवनात काय कमी पडलं नाय, काय जास्त पडलं नाय. असं चार मानसांत ताठ बसून म्हनाली."

त्यानं कपबशी खाली ठेवली आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून तो उठला.