दावा न करणारी माणसं

पुढच्या वर्षी राज्याच्या आरोग्यविमा-बाजारातून किती लोक बाहेर पडतील, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. हप्त्यांना मिळणारी सरकारी मदत आटणार, हप्ते चढणार. मग आधी कोण जाईल? आमचं गणित सांगतं, ज्यांनी वर्षभरात एकही दावा केला नाही ते. म्हणजे निरोगी. ते गेले तरी त्यांचं फारसं बिघडत नाही, असं आम्ही धरून चालतो.

मी कंत्राटी, ऑफिसकडून विमा मिळत नाही, त्यामुळे आमच्या कुटुंबाचा विमाही त्याच बाजारातला. आज नोंदणीचा शेवटचा दिवस, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आमचं खातं उघडलं. माझं नाव होतं, दहा महिन्यांच्या लेकीचं, ओडेटचं होतं. नवऱ्याचं नव्हतं.

लगेच फोन लावला. ल्युसियन कुणाच्या तरी छपरावरचा बर्फ ओढत होता. थंडीत हाच त्याचा धंदा.

"तुझं नाव कुठं गेलं?"

"काढलं मी सकाळी, तेवढाच हप्ता वाचेल. तुम्ही दोघी आहात ना, बास झालं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काढू दिलं असतंस? अगं, घोड्यासारखा आहे मी. डॉक्टरचं तोंडसुद्धा पाहिलं नाही कधीचं!"

बोलताना त्याला धाप लागत होती.

"मग जिन्यात मध्येच थांबतोस ते?"

"बुटाची नाडी बांधायला."

"रोज?"

तो हळूच म्हणाला, "गेलो तर विमा असूनही सुरुवातीचा सगळा खर्च आपल्याच खिशातून. कशाला जायचं?"

तेवढ्यात आमचे साहेब, बेकविथ, टेबलाशी आले. मी फोन मांडीवर ठेवला.

"मार्गो, आकडा तयार?"

"सर, दावा नाही म्हणजे निरोगी, हे चुकतंय. काही जण दुखणं अंगावर काढतात."

"असेल. पुरावा?"

"माझा नवरा."

ते हसले, पण कुत्सितपणे नाही. "एका नवऱ्यावरून राज्याचा अंदाज नाही बदलत गं."

खरंच होतं ते. साहेब गेल्यावर मी फोन कानाला लावला.

"ऐकलं सगळं," ल्युसियन म्हणाला. "मी पुरावासुद्धा नाही. सोड आता."

"नाव परत घालतेय. आणि उद्या तू डॉक्टरकडे जातोयस."

"आणि काही निघालं तर?"

पलीकडून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, तुटक, ओढलेला. मी त्याचं नाव भरलं आणि बटण दाबलं.