ताईची ब्रेलपट्टी

ताई जन्मापासून आंधळी. संगणकावरचा मजकूर ती बोटांनी वाचायची. जी ओळ हवी तिचे ठिपके तिच्या ब्रेलपट्टीवर टपाटप वर यायचे. पट्टीची वायर लावली की संगणक तिला ओळखायचा, काढली की मुकाट सोडून द्यायचा. मग संगणकाची सिस्टीम नवी झाली आणि पट्टी परकी ठरली. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. नवा ड्रायव्हर देणार कोण?

"ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या गं," धाकट्या भावाने समजावलं. तो प्रोग्रामर होता. "पट्टी वायरीतून आपलं नावगाव सांगते, पण संगणकाला तिची भाषाच कळत नाही. मी लिहितो तो दुभाष्या."

म्हणायला सोपं. ठिपके उलटसुलट यायचे. चालू असताना वायर उपसली, की ड्रायव्हर गेलेल्या पट्टीच्या उत्तराची वाट बघत बसायचा आणि अख्खा संगणक ठप्प व्हायचा. भावाने हात टेकले नाहीत. ऑफिसातून आला की तो ताईला फोन लावायचा. आज काय अडलं, काय सुटलं, सगळं सांगायचा.

"बाळ्या, गाढवापुढे वाचली गीता!" ताई हसायची. "पण सांग, सांग."

अखेर एका रविवारी तो तिच्या घरी आला. पट्टी लावली. संगणक टिंग वाजला, ठिपके वर आले.

"वाच बघू."

ताईने बोटं फिरवली. "वा! अगदी पूर्वीसारखं."

"काय लिहिलंय?"

"काय असणार? माझं नाव."

त्याने लिहिलं होतं, 'आधी चहा टाक, मग कौतुक कर.'

त्याने तिचा हात धरला, बोटाच्या टोकाला हलकेच चिमटा काढला. तिला पत्ताही लागला नाही.

"कधीपासून?"

"साखर वाढली तेव्हापासून बधिरच आहेत. तू काम नुकतंच हाती घेतलं होतंस."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

ताईने पदराचं टोक चाचपलं. "आई गेल्यापासून तुझा फोनच यायचा नाही रे. वाटलं, हे काम संपूच नये."

पुढे त्याने रोज फोन करायचा नेम धरला. पण सांगायला काही उरलं नव्हतं.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"जेवलो."

काही आठवड्यांनी ताईच म्हणाली, "दमला असशील. ठेव आता."

त्याने ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग लांबली, आणि फोन करायचा राहूनच गेला.