अकराचे सात

"बेटी, चहा आधी पिऊन घे," मोईन मास्तरांच्या पत्नी आरिफाबी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "यांची वही उघडली का चहा थंडा झाला समज. चाळीस वर्सं पाहून राह्यली मी."

जया हसली, पण कप तिने बाजूलाच ठेवला. पुसदच्या शाळेतून रजा काढून ती खास या वहीसाठी बोरी अरबला आली होती.

मोईन मास्तरांनी वहीभोवतीच्या मेणकापडाचा दोरा सोडला. नेरच्या एका तंत्रशाळेत त्यांनी तीस वर्षे यांत्रिक आरेखन शिकवले होते आणि निवृत्तीनंतरही त्यांच्या हाताची शिस्त सुटली नव्हती. घरातल्या फ्यूजच्या डब्यापासून डाळींच्या बरण्यांपर्यंत सगळीकडे एकसारख्या उंचीच्या, सरळ अक्षरांतल्या त्यांच्या चिठ्ठ्या होत्या. वहीच्या पहिल्या पानावरही तसेच लिहिलेले होते: ‘कृत्तिका नक्षत्र. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांची संख्या. ठिकाण: तांड्यामागचा माळ, देवळाचा ओटा. वेळ: पौष अमावास्या, रात्री आठ.’

"अठ्ठ्याऐंशीपासून दोन हजार बारापर्यंत," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो लपवण्याची त्यांना गरजही वाटली नाही. "पंचवीस नोंदी. एकही वर्ष गाळलेलं नाही. तुझ्या आजीचे डोळे आणि माझा हात."

जयाची आजी, मानीबाई, त्या माळाखालच्या तांड्यात राहत होती. आता त्याच माळावर, देवळाच्या ओट्यापाशी उंच खांबावरचा हायमास्ट दिवा उभा राहायचा होता. दिवा तांड्याच्या चौकात लावा, वरून झाकलेला लावा, पण माळ अंधारा राहू द्या, असा अर्ज जयाने तालुक्याच्या समितीकडे केला होता. जिल्ह्यात अशा काळोखाच्या जागा फार उरल्या नाहीत. लोक लांबून आकाश पाहायला येतील, तांड्यातल्या घरांना चार पैसे मिळतील, असा तिचा हिशेब होता. समितीने नकार दिला नव्हता. फक्त एक प्रश्न विचारला होता: हमरस्त्यावर आणि आजूबाजूला इतके दिवे आले, त्याने आकाशातले नेमके काय कमी झाले, ते दाखवा. काही कमी झालेच नसेल, तर आणखी एका दिव्याने काय बिघडणार?

जयाने वही उघडली. तिचे बोट पहिल्या रकान्यावरून खाली सरकू लागले आणि मध्येच थांबले. तिने पान उलटले. पुन्हा उलटले.

"मास्तरबाबा, हे सगळे सातच आहेत."

"हो. सात."

"पहिल्या वर्षीही सात आणि शेवटच्याही वर्षी सात." तिने वही मांडीवर ठेवली. "मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या पोरींना घेऊन मी माळावर गेले होते. नजर चांगली असलेल्या पोरींनी मोजले. त्यांनाही सातच दिसले."

मास्तरांनी चष्म्यासाठी नाकाकडे हात नेला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यांत भिंगे बसवल्यापासून चष्मा नव्हता, पण हाताची सवय गेली नव्हती.

"म्हणजे अडतीस वर्षांत काहीच कमी झालं नाही," जया हळू आवाजात म्हणाली. "ही वही मी समितीपुढे ठेवली, तर दिवा उद्याच उभा राहील."

चहा थंड झाला होता. त्या साताच्या आकड्याखाली काय आहे, हे त्या खोलीत फक्त मास्तरांनाच माहीत होते.

अठ्ठ्याऐंशी साली मास्तर सायकलने नऊ किलोमीटर दूरच्या त्या माळावर आले होते. आकाशाचा नाद होता, पण नजर जन्माची अधू. जाड काचांतून कृत्तिका म्हणजे पुसल्या खडूचा डाग दिसे. मानीबाई आणि तिचा नवरा लालसिंग तेव्हा रोह्यांपासून, म्हणजे नीलगायींपासून, हरभऱ्याची राखण करत. मास्तरांनी तिला ओट्यावर बोलावून तो झुबका दाखवला आणि त्यात किती चांदण्या दिसतात ते विचारले.

"अकरा," ती लगेच म्हणाली.

"नीट पाहा, मानीबाई. पुस्तकात लिहिलं आहे, साध्या नजरेला सहा, फार तीक्ष्ण असेल तर सात."

"पुस्तक कोनं लिवलं?"

"मोठा विद्वान माणूस आहे."

"थो इथं आलता का?"

मचाणावरून लालसिंग खो खो हसला. "मास्तर, तिचं कायले धरता? तिले वावरात एक रोही आला तं दोन दिसते!"

मास्तरांनी ‘११’ लिहिले होते. घरी येऊन त्यांनी पुस्तक पुन्हा पाहिले, खोडरबर घेतले आणि तिथे ‘७’ लिहिले. मापन चुकीचे असेल तर ते दुरुस्त करावे, असे त्यांचे शिक्षण सांगत होते. मापन चुकले की पुस्तक, हा प्रश्न त्यांना त्या रात्री पडलाच नाही. पुढच्या वर्षी ती बारा म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा अकरा. दोन्ही वेळा खोडरबर चालले. चौथ्या वर्षी मात्र मानीबाईने वर पाहिले आणि म्हटले, "सात."

"आता तुमची नजर तयार झाली," असे मास्तर तेव्हा म्हणाले होते. हे वाक्य आज त्यांना शब्दन् शब्द आठवले.

काळ्याकुट्ट आकाशाखाली चांगल्या डोळ्याला अकरा काय, त्याहूनही अधिक तारे दिसू शकतात, हे त्यांनी बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या पुस्तकात वाचले. तेव्हाही त्यांनी वही उघडली नव्हती. एवढ्याशा गोष्टीने कोणाचे काय अडते, असे त्यांनी मनाला समजावले होते.

आता अडले होते.

त्यांनी जयाच्या हातातून वही घेतली, खिडकीचा पडदा ओढला आणि पानाच्या कडेला बॅटरी आडवी धरली. आरेखनाची कडक पेन्सिल कागदात खाच पाडते. शिसे खोडले तरी खाच राहते. तिरप्या उजेडात पहिल्या तीन सातांखाली सावल्या उमटल्या. अकरा. बारा. अकरा.

"हे मी खोडलं," मास्तर म्हणाले. "तुझी आजी बरोबर होती."

जयाने त्या सावल्यांवरून बोट फिरवले. "आणि पुढचे बावीस?"

"ते तिनेच सात सांगितले."

"तेही पेन्सिलीतच आहेत, मास्तरबाबा," ती म्हणाली. "खोडरबरने..." एवढे बोलून ती थांबली आणि तिने मान खाली घातली.

मास्तरांना राग आला नाही. ती बोलण्याआधीच तो विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. अकरा, अकरा, दहा, नऊ, मग आठ. हळूहळू उतरत जाणारी, कोणालाही पटेल अशी वक्ररेषा त्यांना स्वच्छ दिसत होती. ती काढायला त्यांना अर्धा तास पुरला असता.

"एकदा आपल्या मनाने लिहिलं, म्हणून आज तुझे हात रिकामे आहेत," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा नाही लिहिणार. चल, तिलाच विचारू."

मानीबाई दारापुढच्या बाजेवर उन्हात बसली होती. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले त्याला आता सात-आठ वर्षे झाली होती. लालसिंग त्याच्याही आधी गेला होता. पावलांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "जया, संग कोन हाय? घासत चालते तं मास्तर असंन."

"मीच आहे," मास्तर म्हणाले. ते बाजेवर टेकले आणि त्यांनी सगळे सांगितले. खोडरबर, पुस्तक, समिती. तासावर शिकवावे तसे क्रमाने सांगितले, कारण दुसऱ्या तऱ्हेने सांगणे त्यांना जमले नसते.

"म्हंजे मी सांगतलं थे तुमी लिवलंच नाई?"

"लिहिलं. मग खोडलं."

मानीबाईला हसू आले. "आन् मी इकडं तुमच्यासाठी खोटं बोलत राह्यली."

"म्हणजे?"

"अकरा म्हनलं का तुमचं तोंड उतरे. म्हनलं, मानूस थंडीचा इतक्या दूरून सायकल मारत येते, त्याले कायले नाराज करा? सात तं सात."

मास्तर पुढे झुकले. वही त्यांच्या हातात होती आणि पेन्सिलही. "मग त्या वर्षांत खरे किती दिसायचे? तुम्हाला आठवत असेल तेवढं सांगा. एखाद्या वर्षाचं तरी."

"मोजले कोनं, मास्तर?" मानीबाई म्हणाली. "सातच म्हनाचं हाय तं मोजाचं कायले?"

जया दारातून आत निघून गेली. मास्तरांनी पेन्सिल खिशात ठेवली. आपण फक्त तीन आकडे खोडले, असे ते येताना वाटेत धरून चालले होते. बावीस वर्षे ती वर पाहत होती आणि तिने मोजणेच सोडले होते, हे त्यांच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हते.

समितीपुढे मास्तर स्वतः गेले. दोन पानांचे निवेदन त्यांनी उभे राहून वाचले आणि खाली सही केली: ‘या वहीतील दोषास मी एकटा जबाबदार आहे.’ अधिकारी तरुण आणि सभ्य होता. बॅटरी आडवी धरून त्याने खाचाही पाहिल्या.

"मास्तर, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला दिसतं," तो म्हणाला. "पण खोडलेले तीन आकडे एकीकडे आणि तुमच्याच हातचे पंचवीस सात दुसरीकडे. मी काय मानू? शिवाय तांड्यातल्या लोकांची साप-विंचवाची तक्रार खरी आहे. लोकांना उजेड हवा आहे."

त्याच्या जागी मास्तर असते, तर त्यांनीही हाच निर्णय दिला असता.

पौष अमावास्येला माळावर खांब उभा होता. वरची तारजोडणी व्हायची होती. सव्वीस जानेवारीला बटण दाबायचे ठरले होते. संध्याकाळी जयाने आजीला हात धरून ओट्यावर आणले. मास्तर आधीच येऊन बसले होते. दारव्ह्याच्या दिशेला क्षितिजावर फिकट पिवळी भिंत उभी राहिली होती आणि खाली हमरस्त्याचे दिवे ओळीने लागले होते. आठ वाजता मास्तरांनी वर पाहिले. डाग नव्हता; वेगवेगळ्या, टोकदार चांदण्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा ते कृत्तिका स्वतःच्या डोळ्यांनी मोजत होते. त्यांनी तीनदा मोजले.

"किती?" मानीबाईने विचारले.

"सहा."

"खरे सहा का पुस्तकातले?"

"खरे," मास्तर म्हणाले. "आणि आता मला सांगा, मानीबाई, तुमच्या अकरा कुठं कुठं होत्या?"

तिने मान वर केली. बंद पापण्यांखाली बुबुळे हलत होती. "पळीसारखी हाय ना थे? दांड्याच्या टोकाले एक हाय."

"आहे."

"तिच्या डोक्याले चिकटून बारकी एक?"

मास्तरांनी श्वास रोखून पाहिले. "नाही."

"पळीच्या काठावर दोघीच्या मधात एक?"

"नाही."

"तिच्या वरतं, जराशी बाहेर?"

"नाही."

"तिच्या अजून थोडी वरतं?"

"नाही."

"मधातली मोठी हाय, तिच्या खालच्या अंगाले?"

"नाही, मानीबाई."

काळोखाला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावलेला होता. त्या उजेडात मास्तर कागदावर कृत्तिकेचे चित्र काढत होते. दिसणाऱ्या सहा चांदण्यांची टिंबे त्यांनी भरीव केली. उरलेल्या पाचांसाठी, ती सांगेल त्या जागी, छोटी वर्तुळे तुटक रेषेने काढली. वस्तूची जी कडा समोरून दिसत नाही, पण असते, ती तुटक रेषेने दाखवायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ते हे शिकवत. आणि पंचवीस वर्षे या ओट्यावर बसून त्यांनी तिला ‘किती’ विचारले होते. ‘कुठे’ एकदाही विचारले नव्हते.

"काय करून राह्यले?" मानीबाईने विचारले.

"तुमच्या चांदण्या काढून राह्यलो."

"आता?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो शब्द अधिक लागला. मग तिला काही आठवले. "एका साली बारावीबी दिसलती. तुमीच म्हनले ना आता, बारा लिवलं होतं?"

"हो, दुसऱ्या वर्षी. ती कुठं होती?"

मानीबाईने पुन्हा मान वर केली. थंडी वाढली होती. जयाने तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

"थे मातर आता ध्यानात नाई, मास्तर."

मास्तर कागदाकडे पाहत राहिले. मोकळी जागा पुष्कळ होती. कुठेही एक लहानसे तुटक वर्तुळ काढले असते, तरी ते शोभले असते आणि कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.